एक वाल कमी

पातेलं चुलीवरून उतरायच्या आधीच बिलियाला कळून चुकलं की आज या घरात जेवणापेक्षा भांडणच जास्त वाढलं जाणार आहे.

खरं तर बेत आनंदाचा होता. मागावरचं अर्धवट कापड तिने सकाळीच गुंडाळून वर बांधलं होतं आणि मागाच्या भोवती बाकं लावली होती. घरातली अर्धी जागा मागानेच खाल्लेली, त्यामुळे इथे कोणीही जेवायला आलं की कुणाची ना कुणाची पाठ लाकडाला टेकायचीच. चुलीवर लसूण घातलेली वजडी रटरटत होती, हरभरे शिजून मऊ झाले होते, परातीत अंजिरं धुऊन ठेवली होती. दुकानं बंद, हाताला काम नाही, अशा ऑगस्टात एवढं सगळं जमवायला तिने काय काय केलं ते तिचं तिला ठाऊक. पण तिचा भाऊ नाल्दो आज लोकरकामगारांच्या नव्या संघाचा पंच होणार होता. लोकर वेचणाऱ्याचा मुलगा आणि पंच! असं तर फ्लॉरेन्समध्ये कधी ऐकलंच नव्हतं.

आणि नाल्दो एका वालाने पडला.

कार्मिनेच्या मठात सकाळी मतं पडली. प्रत्येकाच्या हातावर एक काळा वाल आणि एक पांढरा वाल ठेवायचे, मूठ झाकून हात पिशवीत घालायचा आणि मनात असेल तो सोडायचा. काळा म्हणजे हो, पांढरा म्हणजे नाही. तीन वाट्यांपैकी दोन वाटे काळे निघाले तर माणूस पंच. नाल्दोच्या पिशवीत काळ्यांचा ढीग पडला, पण हवा होता त्याहून एकच वाल कमी.

आता तो बाकाच्या टोकाला बसून भाकरीचा तुकडा कुस्करत होता. खात नव्हता, नुसता कुस्करत होता. त्याची बायको पिएरा शेजारी बसली होती आणि तिच्या मनात काय चाललंय ते तिच्या नाकपुड्यांवरून कळत होतं.

"एवढं काय रे तोंड पाडून बसायचं?" लापाआत्या म्हणाली. बाबांची, म्हणजे बेत्तोची, ही धाकटी बहीण, बारा गावचं पाणी प्यायलेली, तिने येताना वाइनचा बुधला आणला होता आणि तो परत न्यायची तिची मुळीच तयारी नव्हती. "एका वालानं पडलास. म्हणजे बाकी सगळ्यांनी दिलंच की तुला."

"पाडलं ते त्या एकानंच, आत्या."

"काळा हो आणि पांढरा नाही, हे ठरवलं तरी कोणी म्हणते मी?" आत्याने विषय बदलायचा प्रयत्न केला. "सान जोव्हान्नीत बाप्तिस्म्याला नेलं की पाद्री मोजायला दाणे टाकतो, मुलगा असला तर काळा, मुलगी असली तर पांढरा. तेव्हाच समजावं. जन्माला आल्या दिवसापासून आपण बाया म्हणजे 'नाही'!"

बिलिया हसली. एरवी नाल्दोही हसला असता. मतं द्यायला गेलेल्यांत बिलिया नव्हतीच. पंचवीस वर्षं माग चालवत होती, पण नव्या संघालाही विणकर बायका आठवल्या नव्हत्या. त्यावरून तिने नाल्दोला खूप चिडवलं होतं आणि पंच झालो की पहिला विषय तोच काढतो, असं त्याने कबूल केलं होतं.

"आत्या, माझ्या लग्नाची गोष्ट सांग ना," बिलिया म्हणाली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पण घरात कोणी रुसलं की तीच काढायची असा रिवाज होता.

"अगं काय सांगू! आपण लोकरवाले दहाच्या वर एका ठिकाणी जमलो की तो कट. असा त्यांचा कायदा. मग लग्न असो की मयत. मालकांच्या लोकरसंघाचा तो परदेशी अधिकारी, त्याचा माणूस दारात उभा राहून माणसं मोजतोय. आणि तुझा आतोबा निघाला अकरावा! मग काय, मी त्याला बाहेर पायरीवर बसवलं. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. तो माणूस विचारतो, हा आत की बाहेर? मी म्हटलं, साहेब, माझं लग्न झाल्यापासून हा असाच आहे!"

बिलिया पुन्हा हसली. पिएरासुद्धा हसली. नाल्दोच्या ओठाचा कोपरा हलला, आणि बिलियाला वाटलं, चला, निभावलं. तेवढ्यात दार ढकलून फेओ आत आला आणि त्याच्या खांद्यावर पिठाची पिशवी होती.

फेओ सगळ्यात धाकटा. तिशीला आला तरी लग्न नाही. लोकर पिंजता पिंजता तो मालकाच्या नजरेत भरला आणि कातणाऱ्या बायकांना गावोगाव लोकर पोचवायचं काम त्याला मिळालं. त्यामुळे त्याच्या अंगाला तेलाचा वास कमी यायचा, आणि सान फ्रेदियानोच्या वस्तीत तेवढंही लोकांच्या डोळ्यांवर यायला पुरतं.

"ताई, हे पीठ ठेव," तो म्हणाला. "मालकांनी दिलं."

"मालकांनी!" पिएरा म्हणाली. "दुकानाला कुलूप, पण भावजींना पीठ. आमच्याकडे नाही बाई कोणी आणून देत."

"वहिनी, म्हणून तर इथे आणलं. निम्मं तुमचं."

"नको. ज्याचं पीठ खावं त्याचंच मत टाकावं लागतं."

बिलियाने डाव खाली ठेवला. बाबा बाहेर दारापुढच्या उन्हात शेजाऱ्यांशी बोलत बसले होते, आणि ते बाहेर आहेत हे बरंच झालं, असं तिला वाटलं.

"वहिनी, सरळ बोला," फेओ म्हणाला.

"ती नाही, मी बोलतो," नाल्दो उठला. "कालपर्यंत तूच सांगत होतास ना, दादा उभा राहू नकोस म्हणून?"

"सांगत होतो. अजूनही सांगतो. संघ मिळाला, झेंडा मिळाला, पण लोकर कुठाय? मालकांनी दुकानं बंद करून ठेवली आहेत. पंच होऊन तू काय आभाळातून लोकर पाडणार होतास?"

"बंद का केली? आम्ही माणसं झालो म्हणून!" नाल्दोचा आवाज चढला. "पोपाशी लढाई कोणी काढली? त्यांनी. लढाईला पैसा लागतो म्हणून शहराला कर्ज दिलं, त्याचं व्याज कोण खातं? तेच. आणि ते व्याज फेडायला मिठावर, पिठावर, वाइनवर कर भरायचा आपण. कापड विकतात तेव्हा घेतात सोन्याची नाणी, आणि आपल्या हातावर टेकवतात ती पातळ चांदीची, वर्षागणिक आत तांबंच जास्त. तक्रार करायची तर त्यांच्याच संघाच्या कचेरीत, त्यांच्याच अधिकाऱ्यापुढे. ओली लोकर जरा जास्त ताणली म्हणून या पाठीवर चाबूक पडलाय, फेओ. तू बघितलंयस!"

"बघितलंय म्हणजे? तेल कोणी चोळलं त्या पाठीला? मी काय आभाळातून पडलोय का, मला हे सगळं सांगायला?" फेओही आता मागे हटेना. "पण दादा, जुलैच्या बंडात दार उघडलं ते कोणी, याचा विचार कर. वरचे आपसात भांडले. हे त्यांना पदावरून हुसकतात, ते ह्यांना. एकमेकांना भिववायला त्यांनी आपल्याला हाक मारली. आपण आलो ते राजवाड्यातच शिरलो. आता दोघंही घाबरलेत, आणि घाबरलेले दोघं उद्या एक होतात. त्या वेळी पहिली मान पंचांची धरतील. मला तुझी मान हवी आहे, बस."

"म्हणून पांढरा टाकलास?"

वजडीचं झाकण तेवढं थडथडत होतं.

"काय विचारलंस?" फेओ हळू म्हणाला.

"पिशवीत तुझा हात बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ होता. पिएरानं बाहेरून पाहिलं. काय टाकलंस, काळा की पांढरा?"

"तू मला हे विचारतोस?"

"विचारतोय."

"विचारलंस ना, म्हणूनच सांगणार नाही."

बिलियाला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. नाल्दो पेटला की विझत नाही, आणि फेओ एकदा दुखावला की गोगलगाईसारखा आत जातो आणि बाहेर येत नाही. दोघांचे हे स्वभाव तिला तेव्हापासून माहीत होते, जेव्हा आई साथीत गेली आणि हे दोघं तिच्या गळ्यात पडले. ती स्वतः तेव्हा जेमतेम न्हाणवयाची होती. दोघांना ती याच मागाखाली गोधडीवर निजवायची, आणि पायट्या दाबताना लाकडाचा जो ठेका पडायचा त्यावर दोघं झोपून जायचे. नवरा लवकर वारला, तिला स्वतःचं मूल झालं नाही. हीच तिची पोरं.

"मग ऐक," नाल्दो म्हणाला. "या उंबऱ्यावर यापुढे एक तर तू, नाहीतर मी."

"नाल्दो!" आत्या ओरडली.

"असू दे, आत्या. मालक प्रातोला माणसं घेऊन चाललेत. मी नाही म्हणणार होतो." फेओने पिठाची पिशवी जमिनीवर ठेवली. "आता जातो. उद्याच निघतो." आणि तो मागच्या दाराने अंगणात गेला.

बिलिया त्याच्या मागे जाणार, तोच पुढच्या दारातून बाबा आत आले.

बेत्तोचं वय साठीच्या पुढे गेलेलं. जन्मभर त्याने लोकर वेचली. ओल्या पांढऱ्या लोकरीच्या ढिगापुढे बसायचं आणि त्यातले काडीकचरा, शेणाचे गोळे, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे काळे केस वेचून टाकायचे. कापडात एक काळा केस निघाला की दंड वेचणाऱ्याला. शेजारी लोकर झोडपणाऱ्या काठ्यांचा आवाज अखंड चालू, त्यामुळे त्याचे कानही अर्धे गेलेले. जवळ जाऊन मोठ्याने बोललं तरच ऐकू यायचं.

आज मात्र तो ताठ चालत होता. मत द्यायला जाताना त्याने दाढी केली होती आणि मेलेल्या मेहुण्याची टोपी घातली होती. मुलगा पडल्याचं त्याला दुःख होतंच, पण त्या दुःखाच्या खालून अभिमान सारखा वर येत होता आणि तो त्याला दाबता येत नव्हता.

तो तडक चुलीपाशी आला. इकडेतिकडे बघून त्याने बिलियाच्या हातात काहीतरी कोंबलं.

"हा घे. आमटीत टाक."

बिलियाने तळहात उघडला. काळा वाल होता.

"बाबा, हा कुठला?" तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"अगं, दोन देतात ना. एक पिशवीत टाकायचा आणि दुसरा बाजूच्या टोपलीत. मी म्हटलं, एवढ्या महागाईत खायची वस्तू कशाला टाकायची? आणला खिशातून."

बिलियाने वाल मुठीत घट्ट धरला. "मग पिशवीत कुठला टाकलात?"

"कुठला म्हणजे काय? पांढरा!" बेत्तो खुशीत म्हणाला. "तो कारकून लॅटिनमध्ये काय काय बडबडत होता, मला मेलं ऐकू येतंय कुठे? पण त्यात सांगायचं काय? जन्म गेला काळे वेचून फेकण्यात. मी हातात घेऊन बघितला बरं का, नखानं चाचपून. भोक नाही, डाग नाही. म्हटलं, माझ्या नाल्दोला द्यायचा तर असा द्यायचा." मग त्याचा चेहरा उतरला. "एकानंच कमी पडला म्हणतात. माझ्यासारखा अजून एक जण असता ना, बिलिया, तर पोरगा आज पंच झाला असता."

बिलियाला हसू आणि रडू एकदम आलं. तिने त्याची टोपी उगाच सारखी केली.

"बसा बाबा. वाढतेच आता."

मागच्या अंगणात फेओ विहिरीच्या कठड्यावर बसला होता. बिलियाने तो काळा वाल त्याच्या पुढे धरला आणि सगळं सांगितलं. आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो असा हसत सुटला की तिला त्याच्या तोंडावर हात ठेवावा लागला. हसता हसताच त्याचे डोळे भरले.

"काळे वेचून टाकले! ताई, बाबांनी काळे वेचून टाकले!"

"हसू नको, मेल्या. काय करू ते सांग. नाल्दोला सांगते मी, आत्ता."

"आणि वहिनी शेजारीच बसल्यात."

हीच तर अडचण होती. पिएरा मनाची वाईट नव्हती, पण तिच्या पोटात तीळ भिजत नसे. विहिरीवर एकदा ही गोष्ट गेली की संध्याकाळपर्यंत सगळ्या सान फ्रेदियानोत पोरं ओरडत फिरली असती, पोराला पाडणारा बेत्तो! आणि उन्हातून आज ताठ चालत आलेला म्हातारा पुन्हा कधी दारापुढे बसला नसता.

"तू काय टाकलास रे?" बिलियाने विचारलं. "मला तरी सांग."

"काळा, ताई. आणखी काय टाकणार?" फेओने बाहीने नाक पुसलं. "हात घातला तेव्हा मनात आलं, हा पंच झाला तर मरेल. आणि मग त्याची पाठ आठवली. म्हणून तर वेळ लागला. मी भांडतो ते घरात. पिशवीत हात घालून नाही भांडत मी त्याच्याशी."

बिलियाने त्याचं डोकं जवळ ओढलं आणि त्याच्या केसांवर ओठ टेकले, तो चार वर्षांचा असताना टेकायची तसे.

"चल आत. मी सांगणार आहे नाल्दोला. बाबांचं हसं झालं तरी चालेल, पण तू प्रातोला जायचं नाहीस. बाबांचं दुःख मी सांभाळीन. तुम्ही दोघं तुटलात तर मात्र मला काही सांभाळता येणार नाही."

फेओ तिच्या मागोमाग आत आला.

आत सगळे बसले होते. आत्याने बुधला फोडला होता आणि बेत्तोच्या पेल्यात ओतला होता. बिलिया नाल्दोसमोर जाऊन उभी राहिली. तोंड उघडायला तिला धीर गोळा करावा लागला, आणि तेवढ्या वेळात फेओ तिच्या पुढे आला.

"दादा, तू बरोबर ओळखलंस," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पांढरा मीच टाकला."

"फेओ!" बिलिया किंचाळली.

"ताई, तू गप्प. टाकला मी. मला तुझ्या जिवाची भीती वाटत होती म्हणून टाकला, दादा. आता मी जातो. तू बाबांकडे, ताईकडे येत जा. तुमच्यात माझ्यामुळे काही नको."

नाल्दो उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पिएराने त्याचा हात धरला. त्याने तो झटकला आणि फेओच्या अंगरख्याला दोन्ही हातांनी धरलं. मारणार, असं वाटलं बिलियाला. पण तो नुसता धरून उभा राहिला, आणि त्याच्या घशातून जो आवाज आला तो रागाचा नव्हता. "तू? खरंच तू, फेओ?"

आणि एवढ्यात बाकाच्या त्या टोकाकडून आनंदाची आरोळी आली.

"पांढरा टाकलास?" बेत्तो उठत होता. पेला कलंडला, वाइन सांडली, त्याचं लक्षच नव्हतं. आत्याच्या खांद्याला धरून, मागाच्या लाकडाला धरून तो दोघांपर्यंत आला. "तूसुद्धा पांढराच टाकलास, पोरा? आणि सांगितलं नाहीस होय मला!" त्याने फेओच्या गालांचे मुके घेतले, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग नाल्दोकडे वळून त्याच्या छातीवर बोट आपटलं. "आणि तू! त्याची गचांडी धरतोस? तुझी अक्कल काय चरायला गेली? भावानं तुला पांढरा दिला. बापानं तुला पांढरा दिला, चांगला निवडून, नखानं चाचपून! अजून कोणी दिला एवढा चांगला? ज्यांनी काळे टाकले त्यांना जाऊन धर की!"

नाल्दोचे हात हळूहळू फेओच्या अंगरख्यावरून सुटले. त्याने बापाकडे पाहिलं, मग बिलियाकडे पाहिलं. बिलियाने मान डोलावली, आणि तिचे डोळे वाहत होते तरी ते पुसायचं तिला सुचलं नाही. मग त्याने फेओकडे पाहिलं. फेओ जमिनीकडे बघत होता, आणि चोरी पकडली गेल्यावर त्याचे कान लाल होत, तसे आत्ताही झाले होते. लहानपणापासून त्याला खोटं बोलता येत नसे. आज मात्र त्याने ते पूर्ण धीराने बोलून दाखवलं होतं.

पिएराने तोंड उघडलं. "म्हणजे मामंजींनीच..."

"पिएरा," नाल्दो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण तिने तोंड मिटलं.

त्याने बापाचा हात दोन्ही हातांत घेतला. लोकरीच्या तेलाने तो हात इतका मऊ झाला होता की म्हाताऱ्याच्या अंगातली तेवढी एकच गोष्ट तरुण राहिली होती. नाल्दो त्याच्या कानाशी वाकला.

"चुकलं माझं, बाबा," तो मोठ्याने म्हणाला. "तुम्ही दोघांनी पांढरा दिलात. घरचे दोन्ही पांढरे मिळाले मला. आता आणखी काय पाहिजे?"

"मग बस आणि जेव," बेत्तो म्हणाला. "वजडी गार होतेय."

"हा गाढवही जेवेल का विचारा त्याला," नाल्दो फेओकडे न बघता म्हणाला.

"जेवतो की," फेओ म्हणाला. "पीठ आणलंय मी. आणणारा काय उपाशी राहणार?"

आणि मग आत्या हसली, आधी हळू, मग पोट धरून. बिलिया हसली. नाल्दो फेओच्या मानेत हात घालून त्याचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरून हसत होता, आणि तो हसतोय की रडतोय ते पाठीमागून कळत नव्हतं. बेत्तोला यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. पण पोरं हसतायत म्हणून तोही हसला.

बिलियाने सगळ्यांना वाढलं. पिएरा स्वतः उठून पिठाची पिशवी आत ठेवून आली, आणि येताना फेओच्या ताटलीत वजडीचा मोठा तुकडा टाकला. त्या बाईला क्षमा मागण्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती.

बेत्तोने आयुष्यात मत दिलं ते तेवढं एकदाच. डोंगरावरची द्राक्षं उतरायच्या आत तो संघ मोडला, झेंडा काढून घेतला गेला, आणि पुन्हा कोणी त्याच्या हातावर दोन वाल ठेवले नाहीत. आणखी काही हिवाळे तो जगला. दारापुढच्या उन्हात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला की माझा नाल्दो उभा होता तेव्हा मी त्याला स्वतःच्या हाताने मत दिलंय. आणि कुणी पाहुणा ते ऐकून गोंधळला, खरं-खोटं विचारायला घरात आला, की जिच्या पोटात तीळ भिजत नसे ती पिएरा हातातलं काम टाकून दारात यायची आणि सासऱ्याच्या कानाशी वाकून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "हो मामंजी. दिलंत की तुम्ही. मी तिथेच होते."